पारिजातकावरची मोरवेल: कोल्हापुरातल्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात ताराबाई पार्काच्या बाजूला एक जुना बंगला आहे. भोवती सात-आठ गुंठ्यांची बाग. पश्चिमेच्या कुंपणाशी रायवळ आंबा, फाटकाजवळ पूर्वेला पारिजातक, मागच्या अंगणात पेरू, पुढे देवचाफा, एका कोपऱ्यात बहावा, आणि रस्त्याकडेने जास्वंदाची रांग. घरच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. गल्लीतले सगळे, अगदी माळीमामासुद्धा, त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. घरच्यांची नावं आणि नेमका पत्ता दिलेला नाही.

बाईंचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथल्या बागांमध्ये त्याने क्लेमॅटिसचे वेल पाहिले होते, तेही मांडवावर नव्हे, सरळ झाडाझुडपांमधून चढवलेले. एखादं झुडूप वसंतात फुलून गेलं की उन्हाळ्यात त्याच्याच फांद्यांतून जांभळी, ताटलीएवढी फुलं बाहेर येतात. ही पद्धत तिकडे चांगलीच रुजलेली आहे. विल्यम रॉबिन्सन या बागकाराने 19व्या शतकाच्या अखेरीस ससेक्समधल्या आपल्या ग्रेव्हटाय मॅनॉरच्या बागेत वेल असे मोकळे सोडले होते. त्याला तारांवर ताणून बांधलेले वेल मुळीच आवडत नसत. त्याचा माळी अर्नेस्ट मार्कम याचं नाव आजही एका किरमिजी क्लेमॅटिसला आहे.

मुलाने आईसाठी थंड प्रदेशातल्या एका रोपवाटिकेतून तीन रोपं मागवली. दोन ‘जॅकमनाय’ आणि एक ‘नेली मोझर’, दोन्ही मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसच्या जाती. जॅकमनाय म्हणजे वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858मध्ये केलेल्या संकराची गडद जांभळी जात. रोपं डिसेंबरात आली, निरोगी होती. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती आंब्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर लावली गेली.

अडचण

जानेवारीअखेर एका जॅकमनायला दोन फुलं आली. बाईंनी फोटो काढून मुलाला पाठवले, घरात आनंद झाला. मार्चमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. एप्रिलात पारा अडतीसच्या पुढे गेल्यावर तिन्ही वेल खाली जमिनीपर्यंत वाळले. जूनच्या पहिल्या पावसात एकाला नवा फुटवा आला, पण जुलैच्या झडीत तोही एका रात्रीत माना टाकून काळा पडला.

बागेबद्दल सल्ला द्यायला मला बोलावलं ते या वेळी. घरातल्यांची समजूत अशी की रोपं रोगट आली होती. क्लेमॅटिसमध्ये अचानक माना टाकण्याचा एक बुरशीजन्य रोग खरोखरच असतो, आणि तो मोठ्या फुलांच्या संकरित जातींमध्येच जास्त दिसतो. त्यामुळे संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण रोप उपटलं तेव्हा मुळं कुजून तपकिरी झाली होती आणि मातीला आंबूस वास येत होता. बुरशी असलीच तर ती नंतर आली असणार.

माळीमामांना हे आधीच कळलेलं होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “बाई, हितं पानी मुरत न्हाई. खड्ड्यात साचून ऱ्हातंय,” एवढंच ते म्हणाले. खात्रीसाठी संध्याकाळी खड्डा पाण्याने भरला. सकाळी पाणी जवळजवळ तेवढंच होतं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कोल्हापुरातल्या कितीतरी बागा याच पायी मार खातात. आपल्याकडच्या चिकट काळ्या मातीत खोल खड्डा घ्यायचा आणि त्यात शेणखत, वाळू, कोकोपीट असं भुसभुशीत मिश्रण भरायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. पावसाळ्यात चारही बाजूंचं पाणी त्या मोकळ्या मिश्रणात उतरतं आणि खालून-बाजूंनी चिकण माती ते धरून ठेवते. खड्डा म्हणजे घंगाळ होतं. शिवाय इंग्लिश पुस्तकांत क्लेमॅटिस कुंडीतल्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच खोल लावायला सांगतात. वरचा भाग रोगाने गेला तरी जमिनीखालच्या डोळ्यांतून वेल पुन्हा फुटावा, हा त्यामागचा हेतू. निचऱ्याच्या जमिनीत तो शहाणपणाचाच आहे. इथे मात्र ते डोळे पाण्याखाली गेले.

दुसरं कारण हवेचं. समशीतोष्ण प्रदेशातले हे वेल हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेतात आणि थंडी ओसरली की जोमाने फुटतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री गार असतात, पण दुपारी ऊन तापतंच. वेलाला नीट झोप मिळत नाही, आणि पाठोपाठ मार्च-एप्रिल येतो.

पर्याय

बाईंपुढे चार वाटा होत्या. पहिली, तीच रोपं पुन्हा मागवून मोठ्या कुंड्यांत लावायची आणि पावसाळ्यात छताखाली ठेवायची. याने निचऱ्याचा प्रश्न सुटला असता, उन्हाळ्याचा नाही. आणि वेल कुंडीत, छताखाली ठेवायचा तर तो झाडातून चढवायचा कसा? मूळ हौसच त्यात बाद होत होती.

दुसरी वाट रोपवाटिकावाल्याने सुचवली: पेट्रिया (निळ्या-जांभळ्या फुलांचा वेल) किंवा मधुमालती. दोन्ही कोल्हापुरात उत्तम येतात. पण दोन्ही कालांतराने जाड लाकडाचे होतात आणि वर्षावर्षाला वजन वाढवतात. कमानीला ठीक, पारिजातकाला नाही. मधुमालतीखाली दबलेली झाडं याच गल्लीत दोन घरी दिसतात.

तिसरी कळलावी. माझा कल खरं तर इकडे होता. पानाच्या टोकाच्या तणाव्यांनी ती झुडपांतून अलगद वर जाते, पावसाळ्यात लाल-पिवळी फुलते, दिवाळीच्या सुमारास वाळून कंदात परत जाते. यजमान झाडाला तिचा काही त्रास नाही. पण तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं. रताळं समजून किंवा खेळताखेळता कंद तोंडात गेला तर जिवावर बेततं. बाईंची नात सुट्टीत येते आणि माती उकरणं हा तिचा आवडता उद्योग. बाईंनी एका वाक्यात नकार दिला आणि तो योग्य होता.

चौथी वाट मामांकडून आली. त्यांचं गाव पन्हाळ्याच्या पलीकडे. “आमच्याकडं कुपावर मोरयेल असती की. कुणी लावली न्हाई, कुणी पानी घालत न्हाई. दिवाळीनंतर बघा, कूप दिसत न्हाई नुसत्या फुलांनी.”

मोरवेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला क्लेमॅटिसच. जवळपासच्या एकाहून अधिक जातींना हे नाव सरसकट वापरतात. काही ठिकाणी रानजाई म्हणतात. क्लेमॅटिस गौरियाना या जातीची फुलं लहान, मलईच्या रंगाची, मोठ्या झुबक्यांत, साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत येतात. क्लेमॅटिस हेनेईची फुलं त्याहून मोठी आणि पांढरीशुभ्र, पावसाळ्याच्या उतरणीला सुरू होणारी. दोन्हींना पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदलं, म्हणजे एरवी कळी झाकणारी बाहेरची दलं, असतात, आणि हे जॅकमनायलाही लागू आहे. फुलं झडल्यावर प्रत्येक बीला पिसासारखी रेशमी शेपटी येते आणि सगळा वेल महिनाभर कापूस पिंजून टाकल्यासारखा दिसतो.

मुलाला हा पर्याय फारसा रुचला नाही. त्याला जांभळा रंग हवा होता. बाईंचं म्हणणं वेगळं होतं: रंग नंतर बघू, आधी काहीतरी जगू दे.

निर्णयाचा मुद्दा: कोणत्या झाडावर?

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता. वेल कोणता यापेक्षाही.

क्लेमॅटिस चढतो तो पानांच्या देठांनी. देठ आधाराला स्पर्श होताच वळतो आणि गाठ मारल्यासारखा बसतो. पण देठ तो केवढा! पेन्सिलीएवढ्या काडीला तो विळखा घालू शकतो, मनगटाएवढ्या फांदीला नाही. म्हणजे यजमान झाडाला बारीक काड्यांचं जाळं हवं. या एका कसोटीवर देवचाफा बाद झाला. त्याच्या फांद्या मोकळ्या, हिवाळ्यात उघड्या, दिसायला आदर्श, पण बोटांसारख्या जाड आणि गुळगुळीत.

आंबा आधीच नापास होता. बारमाही दाट सावली, वरच्या थरात मुळांचं जाळं, आणि मे महिन्यात आंबे उतरवताना वेलात पाय अडकणार. पेरूला काड्या बारीक असतात, पण पेरू तोडायचे ते हिवाळ्यात, ऐन मोरवेलीच्या बहरात. मोरवेलीचा रस कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात. युरोपातल्या भिकाऱ्यांनी दया यावी म्हणून तिकडच्या रानटी क्लेमॅटिसचा रस चोळून अंगावर व्रण उठवल्याच्या कहाण्या आहेत. पेरू तोडायला येणाऱ्या पोरांच्या हातांना तो प्रयोग नको.

राहिले पारिजातक, बहावा आणि जास्वंद.

पारिजातकाचं गणित सुंदर जमत होतं. तो श्रावणापासून कार्तिकापर्यंत फुलतो, मग विरळ होतो, कोरड्या दिवसांत पानं गाळतो. गौरियाना फुलते ती त्याचा बहर उतरताना. आणि दोघांची छाटणी एकाच वेळी, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये करता येते. बहुतेक जण फुलांचे रंग आणि महिने जुळवत बसतात. मी आधी छाटणी जुळते का ते पाहतो. छाटणीच्या वेळा वेगळ्या असतील तर दरवर्षी एकाला वाचवताना दुसऱ्याची कत्तल होते.

बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो. मार्चमध्ये वेल खालून कापली की त्याची पिवळी झुंबरं मोकळी राहतात. कागदावर तेही छान होतं. जास्वंद मात्र वर्षभर फुलतो आणि वर्षभर छाटला जातो, म्हणून तिथे मोरवेल नको असं ठरलं. मुलाच्या निळ्या-जांभळ्या हट्टासाठी जास्वंदातून गोकर्ण चढवायची. ती हलकी असते, बीपासून झटपट येते, आणि पसरली तर सरळ कापून टाकता येते.

काय केलं

मोरवेलीची रोपं जंगलातून आणायची नाहीत हे सुरुवातीलाच ठरलं. मामांच्या स्वतःच्या बांधावरच्या कुपात ऑगस्टमध्ये दाब कलमं केली. वेलीचा जून झालेला भाग पेऱ्याजवळ किंचित खरवडून जमिनीत दाबला, वर दगड ठेवला, टोक मोकळं सोडलं. पुढच्या जूनमध्ये मुळं धरलेली तीन रोपं वेगळी केली. बीही पेरलं होतं, पण क्लेमॅटिसचं बी सावकाश आणि मागेपुढे उगवतं, त्या भरवशावर बसण्यात अर्थ नव्हता.

लागवडीसाठी खड्डा घेतला नाही. जमिनीच्या वर फूटभर उंचीचा, दोन-अडीच फूट रुंदीचा ओटा केला. खाली मुरूम, वर लाल माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी बागेतली काळी माती. काळ्या मातीचा वरचा थर कुदळीने नुसता सैल केला, म्हणजे दोन थरांमध्ये पाणी अडणार नाही. रोपं कुंडीत होती त्याच पातळीला बसवली.

जागा बुंध्याजवळ नव्हे, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे निवडली. तिथे मुळांची मारामारी कमी असते आणि पावसाचं पाणीही मिळतं. तिथून पारिजातकाच्या खालच्या फांदीपर्यंत तिरकी बांबूची काठी आणि तिच्याभोवती काथ्या.

दिशेबद्दल थोडा वाद झाला. इंग्लिश सल्ला असा की वेल झाडाच्या उत्तरेला, सावलीत लावावा, म्हणजे तो उजेडाच्या ओढीने दक्षिणेकडे झाडातून चढतो. लंडनमध्ये सूर्य कायम दक्षिणेला असतो, तिथे हे बरोबर. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीला थोडा उत्तरेकडेच असतो. त्यामुळे उत्तरेची सावली ऐन उन्हाळ्यात नाहीशी होते. इथे खरा वैरी म्हणजे दुपारी तीन-चारचं पश्चिमेचं ऊन. म्हणून दोन्ही झाडांच्या पूर्वेला रोपं लावली. फाटकाशी पारिजातक आणि रस्ता यांच्यामध्ये जागा अपुरी होती, तिथे ईशान्येवर समाधान मानलं.

मुळं गार राहावीत म्हणून आच्छादन हवं. कोल्हापुरात त्यासाठी बाहेर शोधायला नको, उसाचं पाचट आहे. मामांनी गावाहून दोन भारे आणले. चार बोटं जाड थर, देठापासून वीतभर लांब. पाचट देठाला चिकटवून रचलं तर पावसाळ्यात तिथेच कुज सुरू होते.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी दिलं. नंतर मामांनी आपल्या अंदाजाने कमी केलं.

निष्पत्ती

पहिल्या वर्षी वेल पारिजातकाच्या निम्म्यापर्यंत गेली आणि नोव्हेंबरअखेर चार-सहा झुबके आले. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, “आई, हे क्लेमॅटिस वाटत नाही गं.” बाई म्हणाल्या, “नको वाटू दे. मधमाश्यांना वाटतंय.”

मार्चमध्ये वेल जमिनीपासून हातभर ठेवून कापली. कापताना मामांच्या हाताला रस लागला आणि कोपरापर्यंत लाल चट्टे उठले. तेव्हापासून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हा नियम झाला, आणि कापलेली वेल वाळल्यावरच उचलायची.

दुसऱ्या वर्षी गोष्टी हाताबाहेर जायला लागल्या. जूनपासून ऑगस्टपर्यंत मोरवेलीने इतकी मुसंडी मारली की पारिजातक वरून झाकला गेला. आतल्या फांद्यांवर कळ्या दिसेनात. बाई पहाटे चादर अंथरून फुलं गोळा करतात, त्यांना फरक लगेच कळला. इथे दुसरा निर्णय घ्यावा लागला. वेल तशीच ठेवली तर नोव्हेंबरात अप्रतिम बहर, पण देवाची परडी अर्धी. ऐन वाढीत कापली तर तिचा बहर कमी. बाईंनी परडीच्या बाजूने कौल दिला. ऑगस्टमध्ये तीनपैकी दोन फांद्या बुडातून काढल्या, एकच ठेवली. त्याने परडी वाचलीच, शिवाय उरलेल्या एका फांदीवर नोव्हेंबरात पुरेसा बहर आला. मला अपेक्षा होती त्यापेक्षा चांगला. आता दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास ही विरळणी होते.

बहाव्यावरचा प्रयोग फसला. वेल काथ्यावरून पहिल्या दुबेळक्यापर्यंत गेली, पुढे पकडायला बारीक काडीच नाही. वाऱ्याने सगळा गुंता घसरून खाली यायचा. मोठ्या बहाव्याच्या बारीक काड्या टोकाला, वीस फुटांवर असतात. एका हंगामाने नाद सोडला.

जास्वंदातली गोकर्ण पहिल्याच पावसाळ्यात फुलली. लाल जास्वंदामधून निळी फुलं पाहून मुलाची समजूत निघाली. पण गोकर्णीच्या दाटीखाली जास्वंदावर पिठ्या ढेकूण माजला आणि पाण्याचा फवारा आतपर्यंत पोचेना. आता रांगेतल्या एका आड एका जास्वंदावरच गोकर्ण ठेवतात, आणि ऑक्टोबरात ती उपटून टाकतात.

वेगळं काय करता आलं असतं

खड्ड्यात पाणी ओतून पाहणं डिसेंबरात, रोपं येण्याआधी झालं असतं तर एक संबंध हंगाम वाचला असता. त्यासाठी माझ्यासारखा माणूसही लागला नसता. मामांना विचारणं पुरेसं होतं.

दाब कलमं ऑगस्टमध्ये केली तेव्हा कुपावरच्या वेलींना फुलं नव्हती. पानांवरून अंदाज बांधला. दोन रोपं गौरियानाची निघाली, तिसरं हेनेईचं. ते पारिजातकाच्या दुसऱ्या अंगाला लावलेलं होतं आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच फुललं, ऐन पारिजातकाच्या बहरात. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसलं नाही, आणि पहाटेच्या चादरीवर दोन्ही फुलांची सरमिसळ. मोरवेलीचा रस कातडीला बाधतो, मग ती फुलं देवाच्या परडीत नकोत, असं म्हणून बाई रोज निवडत बसल्या. कलम करायच्या वेली आदल्या हंगामात फुललेल्या पाहून, त्यांना चिंधी बांधून ठेवायला हव्या होत्या. ते झाड पुढच्या जूनमध्ये कडू मेंदीच्या कुंपणावर हलवलं. क्लेमॅटिसला मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून त्याचंही आधी दाब कलम करून ठेवलं होतं. मूळ रोप गेलं, कलम जगलं.

बहाव्याऐवजी आधी कडू मेंदीच घ्यायला हवी होती. बारीक काड्या, छाटणीला तयार, आणि मोरवेल तिच्या गावी ज्या कुपावर वाढते त्याच्या सगळ्यात जवळचं तेच होतं. देखणं झाड हाताशी असलं की कुंपणाकडे लक्ष जात नाही.

बिया जानेवारी-फेब्रुवारीत उडतात. जूनमध्ये बाईंच्या तुळशीच्या कुंडीत आणि शेजाऱ्यांच्या वाफ्यात मोरवेलीची रोपं उगवलेली सापडली. शेजाऱ्यांनी हौसेने एक ठेवून घेतलं, पण सगळेच शेजारी असे नसतात. रेशमी शेपट्यांचा देखावा हवा असेल तर एकच फांदी बियांवर सोडावी आणि बाकीचे झुबके फुलं गळताच कापावे, असं आता ठरलं आहे.

मुलगा पुढच्या डिसेंबरात येताना पुन्हा एक जॅकमनाय आणणार म्हणतो, पन्हाळ्याच्या बाजूला मित्राच्या घरी लावायला. तिथली माती जांभ्याची, निचऱ्याची आणि हवा शहरापेक्षा थोडी गार. निचऱ्याचा भाग तिथे सुटेल. हिवाळ्यातल्या विश्रांतीचा सुटणार नाही, हे त्याला सांगितलं आहे. एकच रोप आणायचं आणि तेही ओट्यावर लावायचं, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे.